बारावीला किती?

आमच्या टीममध्ये कधी भांडण झालंच नाही, असं अंबरीश पुढं कुणालाही सांगेल आणि ऐकणाऱ्याला ते खरंही वाटेल. भांडायला दोन्ही बाजूंना तोंड लागतं. इथं वाद निघाला की एकच प्रश्न यायचा, बारावीला किती? ज्याचे मार्क जास्त त्याचं बरोबर. अंबरीश लातूरच्या क्लासमधून मेरिटला आलेला, त्याच्या खालोखाल सर्वेश, मग मनस्विनी. चौथी लुंबिनी. ती दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आली होती. तिला बारावीच नव्हती, त्यामुळं या दरबारात तिला मतच नव्हतं.

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला या चौघांनी भूकंपात टिकणाऱ्या घराचा प्रोजेक्ट घेतला. विषय अंबरीशनं निवडला. भूकंप म्हटलं की परीक्षक खूश होतात, एवढाच त्याचा आणि भूकंपाचा संबंध. लातूरकडं खराखुरा भूकंप झाला त्या पहाटे तो चादर गुंडाळून रस्त्यावर उभा राहिला होता आणि पुढं क्लास बुडाला म्हणून हळहळला होता. लुंबिनीचं गाव औशाच्या पलीकडं. तिच्या आत्यावर दारावरची भिंत आली होती. आत्या वाचली नाही. हे तिनं टीमला एकदाच सांगितलं. "सो सॅड," मनस्विनी म्हणाली आणि रंगाचं कॅटलॉग उघडून बसली.

गुडघ्याएवढं विटांचं घर बांधायचं होतं. खाली पाइपांवर सरकणारी फळी, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की फळी हादरायची, म्हणजे झाला भूकंप. दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सिमेंट-सळईची सलग पट्टी फिरवायची, कारण तीच भिंती धरून ठेवते. पण अंबरीशला समोर उंच कमानीची खिडकी हवी होती आणि पट्टी कापल्याशिवाय ती बसेना.

"पट्टी तुटली की भिंत गेली," लुंबिनी म्हणाली.

"बारावीला किती गं तुला?" सर्वेश दात काढत म्हणाला.

"बारावी न्हाई मला. डोळे हायत." ती अंबरीशकडं वळली. "एकदा हलवून बघू. पडलं तर दुसरं बांधू. दिवस हायत अजून."

"येडी का काय तू? आधीच पडलं तर सबमिशनला काय ठेवायचं? आणि सर कुठं हलवून बघायलेत? रंग बघतात, फाइल बघतात."

तिला हसावं की रडावं कळेना. दर रविवारी टेस्ट देत देत ही मंडळी मोठी झाली आणि घराची टेस्ट म्हटलं की हे पाय मागं घेतात! ज्याचं उत्तर आधी छापून मिळत नाही तो प्रश्नच यांना नको. असले शहाणे उद्या लोकांची घरं बांधणार, या विचारानं तिचं डोकं तापलं. ती गाइड सरांकडं गेली. "टीमवर्क शिका बाई," सर म्हणाले आणि चहाला निघून गेले. मग मतदान झालं. "मला दोघांचंही पटतंय," असं म्हणत मनस्विनीनं अंबरीशच्या बाजूनं हात वर केला. पट्टी कापली गेली, खिडकी बसली, कमानीला गुलाबी रंग लागला.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांना गाडी पकडायची होती. अंबरीशनं पाठांतर घडाघडा म्हणून दाखवलं. परीक्षकांनी कमान बघितली, मान डोलावली आणि पेनाचं टोपण काढलं. लुंबिनीचा फर्स्ट क्लास याच मार्कांवर अडकला होता. नुसतं गप्प राहिलं की तो तिच्या पदरात पडत होता.

"सर, हलवून बघा," ती म्हणाली.

"राहू द्या. छान आहे."

अंबरीशनं डोळे वटारले. लुंबिनीनं हँडल धरलं आणि फिरवलं. आधी कमानीवर चीर गेली. मग समोरची भिंत सुटली आणि छत आत बसलं. घर धड हादरलंही नव्हतं. परीक्षकांनी टोपण पुन्हा लावलं.

"पट्टी कुणी कापली?"

"टीमचा निर्णय होता, सर," अंबरीश म्हणाला. आजवर प्रत्येक निर्णय त्याचा होता. टीम त्याला आत्ता आठवली.

"हाव सर, टीमचाच," लुंबिनी म्हणाली. "मी पण हाय टीममधी. मार्क सगळ्यांचे सारखेच कापा."

परीक्षकांनी कापले, आणि चांगलेच कापले.

बाहेर आल्याबरोबर अंबरीश तिच्या अंगावर धावून आला. "गप बसली असतीस तर काय बिघडत होतं तुझं? चौघांचे मार्क घालवलेस!"

"मार्कच गेले," लुंबिनी म्हणाली. "आत कुणी निजलेलं न्हवतं."