सासऱ्याच्या खिडक्या

माझा सासरा एव्हारिस्तो सुतार होता. दक्षिणेच्या टोकाला असलेल्या पुंता अरेनास शहरातल्या आमच्या घरातली प्रत्येक खिडकी त्याने स्वतः केलेली, आणि एकही धड मिटत नव्हती. चाळीस वर्षांत लाकूड आकसलं होतं. नवरा, दानिलो, मासेमारीच्या जहाजावर. ऑक्टोबरशिवाय यायचा नाही. सासूबाई आता नव्हत्या, घरात मी आणि म्हातारा दोघंच, आणि आमचं कधीच पटलं नव्हतं.

जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, थंडी वाढली तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या खिडकीत कागद अडकवून ती बंद केली आणि कागद ओढला. सुळकन बाहेर आला.

"बघा, बाबा."

"तुझ्या त्या खेकड्यांच्या कारखान्यात हेच शिकवतात वाटतं?" तो म्हणाला. "खिडकी थोडा श्वास घेते. घेऊ दे."

"श्वास? शिट्टी वाजवते ती!"

"गार लागत असेल तर अंगावर घाल काहीतरी. माझ्या खिडकीला हात लावायचा नाही."

शनिवारी फटी बुजवायची पट्टी आणायला मी मिर्ताबाईच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"फट किती? मोजलीस?"

मोजली होती. पावाच्या कणकेची गोळी चौकटीवर ठेवून खिडकी दाबायची. गोळी चपटी होऊन जेवढी उरते, तेवढी फट. खिडक्यांना तीन-चार मिलिमीटर, दाराखाली बोटभर.

"मग ही फोमची नको, एका हिवाळ्यात दबून चपटी होते. पोकळ रबराची पट्टी घे. फार जाड घेतलीस तर खिडकी मिटणार नाही. दाराखाली ब्रशवाली लाव. आणि गॅसच्या हीटरजवळची हवेची जाळी बुजवू नकोस हं, दोघं गुदमरून मराल."

"दोघंही का? एकाचं जमत नाही का?"

मिर्ताबाई हसली. मी नाही हसले.

रविवारी म्हातारा पत्ते खेळायला गेल्यावर मी चौकट स्पिरिटने पुसली आणि पट्टी न ताणता चिकटवली. सोमवारी कामावरून आले तर सगळ्या पट्ट्या जेवणाच्या टेबलावर, मेलेल्या गांडुळांसारख्या.

"गळून पडल्या. लाकूड ओळखतं कुणाचा हात आहे ते," तो म्हणाला.

लाकूड काही ओळखत नव्हतं. गारठलेल्या लाकडाला गोंद धरत नाही, एवढंच. मी नवी पट्टी आणली, त्याच्या डोळ्यांदेखत केस वाळवायच्या मशीनने चौकट गरम केली आणि मग लावली. तो बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आले तर तो पटाशीने रबर खरवडत होता. सोबत रंग निघत होता, लाकडाच्या ढलप्या निघत होत्या. स्वतःचीच खिडकी सोलत होता माणूस.

"ठेवा ती पटाशी!"

"घर माझं आहे."

"घर तुमचं, पण न्यूमोनिया आईंना झाला!" माझ्या तोंडून गेलं. "याच टेबलाशी बसून खोकायच्या ना त्या? त्यांनीही पट्टी मागितली होती ना? चार मीटर रबर, बाबा! तेवढं नाही लावलंत तुम्ही."

हे मला दानिलोने सांगितलं होतं, रडत, आणि घरात कधी काढू नकोस म्हणून बजावलं होतं.

म्हाताऱ्याने पटाशी खाली ठेवली.

"एर्सिलिया म्हणायची, सुताराची बायको गारठून मरणार," तो म्हणाला. "मला वाटायचं, चेष्टा करते." मग माझ्याकडे वळला. "पण तू कोण मला हे सांगणारी? तिच्या नखाची सर नाही तुला."

"नसेल. पण मी गारठून मरणार नाही."

तो खोलीत गेला. मी तेव्हाच उरलेली पट्टी लावायला घेतली. घाईत कोपरा दोनदा वाकडा कापला. माफी मागावी असं मनात आलं, आणि 'नखाची सर' आठवून मी तो विचार गिळला. दाराखालचा ब्रश स्क्रूने पक्का केला.

त्यानंतर त्याने पट्टीला हात लावला नाही. माझ्याबरोबर टेबलाशीही बसला नाही. मी ताट त्याच्या दाराशी ठेवायची. तो धुऊन परत आणून ठेवायचा. चार महिने आम्ही गॅस संपला, ब्रेड आणा, एवढंच बोललो.

ऑक्टोबरात दानिलो आला. जाकीट काढून खुर्चीवर फेकलं आणि म्हणाला, "अरे वा, घर किती ऊबदार झालंय! कुणी केलं?"

"तिला विचार," म्हातारा म्हणाला, आणि आपलं ताट उचलून खोलीत गेला.

"मी आल्या आल्या बाबांना काय झालं?" दानिलोने मला विचारलं.

मी म्हटलं, "बस आधी. जेवून घे."