एका 'टी'ची विठ्ठलवाडी

मंजुळाबाईंच्या पायांवर सूज चढली होती, आणि विठ्ठलवाडीच्या डायलिसिस केंद्राने त्यांना आज पुन्हा माघारी जायला सांगितलं होतं. यादीत नावच नाही म्हणे. मुलगा उत्तम फोनवर म्हणत होता, की मोबाईलवर तर 'नोंद झाली' असं आलंय.

"ताई, आई बाकावर बसलीय. घरी नेऊ का थांबू, तेवढं सांगा."

केंद्रांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कंपनीच्या बाळकुमच्या ऑफिसात हेमांगीने त्याला थांबायला सांगितलं आणि सर्व्हर उघडला. प्रत्येक केंद्राचा डेटाबेस वेगळा, त्यात कप्पे, कप्प्यात एकेका पेशंटची नोंद. कळवा, दिवा, विठ्ठलवाडी. आणि त्याला चिकटून आणखी एक विठ्ठलवाडी. इंग्रजीत एक 'टी' कमी.

हा दुसरा कुणी मुद्दाम केलाच नव्हता. या डेटाबेसची तऱ्हाच तशी. नसलेल्या नावाने काही ठेवायला दिलं, तर तो अडवत नाही; मुकाट त्या नावाचं नवं घर बांधतो आणि ठेवून घेतो. भक्ताने विठू म्हणावं, विठोबा म्हणावं, देव तोच धावतो. इथे अक्षर गळलं, की माणसं परगावी. कंपनीचं नवं बुकिंग अ‍ॅप एका 'टी'त लिहीत होतं, केंद्र दोन 'टी'त शोधत होतं. मोबाईलवरून आलेले सगळे पेशंट त्या भुताच्या गावात पडून होते.

अ‍ॅप लिहिलेला, तिचा वरिष्ठ सौमित्र वडापाव खात आला. चटणीचं बोट त्याने सरळ स्क्रीनवर टेकवलं. नावांवर लाल ओघळ उमटला. हेमांगीने तो कागदाने पुसला.

"अगं, दोन टी कोण लावतं? ड्रॉप मार तो, उडवून टाक अख्खा. लोक करतील परत बुक."

"त्यात माणसं आहेत, सौमित्र."

"डेटा आहे."

तिने त्याच्याकडे न बघता नोंदी दोन 'टी'च्या घरात उतरवल्या. केंद्राला फोन करून यादी पुन्हा उघडायला लावली. मंजुळाबाईंचं नाव दिसलं, आणि थोड्या वेळाने उत्तमचा निरोप आला, आईला आत घेतलं.

मग सौमित्रने केंद्राला मेल करायला सांगितलं: तिथल्या काउंटरवरच्या मुलीने नोंदी चुकवल्या, असं. रोज तिथे बसून लोकांच्या शिव्या खाणारी ती मुलगी. हेमांगीने लिहिलं, चूक आमच्या अ‍ॅपची, आणि पाठवून दिलं.

"नोकरी नकोय का तुला?" त्याचा आवाज चढला.

त्याच्यापासून लांब व्हावं, एवढंच तिला वाटलं. तिने खुर्ची ओढून खिडकीपाशी नेली.