खाटेशेजारची खुर्ची

मी एक खुर्ची. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका रुग्णालयात, मोडल्या हाडांच्या वॉर्डात, खाटेला खेटून उभी असते. बर्च लाकडाची, उंच पाठीची. सुताराने मला घडवलं ते रोग्यासाठी, पण वर्षानुवर्षं टेकले भेटीला येणारेच. आजाऱ्याने निजूनच राहावं, ही साऱ्यांची समजूत. मला तिचा मनस्वी राग येई.

मग रागनहिल्द आली. ती परिचारिका. तिने एक अभ्यास हाती घेतला होता: शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रोग्याला खुर्चीत बसवलं, तर तो लवकर चालता होतो का? रोग्याची संमती मात्र हवी.

थोरलेफ हा होड्या बांधणारा म्हातारा. खुबा मोडून आला होता; आदल्या दिवशीच शस्त्रक्रिया झाली होती.

“काका, कॉफी खुर्चीत बसून घेताय?”

“मला उठवायला आधी बंदरावरची क्रेन आण, पोरी.”

ती हसली, हात पुढे केला. तशी त्याची बायको इंगेबोर्ग मध्ये पडली. “छळू नकोस गं त्यांना. जन्मभर राबलेत. आता तरी पडू दे.”

थोरलेफने मान हलवून नकार दिला. रागनहिल्दने जबरदस्ती केली नाही. इंगेबोर्ग माझ्यावर बसून नवऱ्याला चमच्याने भरवत राहिली. फार माया होती त्या हातात. पुढे त्याच्या छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला आणि तो गेला.

पुढच्या हिवाळ्यात बर्फावर घसरून इंगेबोर्गच आली, याच खाटेवर. शस्त्रक्रियेनंतर तिने विचारलं, “खरं सांग. ते उठून बसले असते तर वाचले असते?”

‘नाही’ म्हणून तिचं मन राखणं सोपं होतं. रागनहिल्द खाटेच्या कडेला बसली.

“ठाऊक नाही, मावशी. एका माणसावरून काही ठरवता येत नाही. म्हणून तर इतक्या जणांना विचारत फिरतेय.”

इंगेबोर्गने पांघरूण बाजूला सारलं. “मग मलाही धर त्यात.”

आत्ता ती माझ्यावर बसली आहे. डोळे भरलेत, बोटं माझ्या हातांवर घट्ट आवळलीत. अभ्यासाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी लाकूड, मला काय कळणार? पण तुमचं माणूस असं पडून असेल, तर मायेपोटी त्याला निजवून ठेवण्याआधी जाणत्याला एकदा विचारा, एवढीच विनवणी.

“दमलात ना? निजवू परत?” रागनहिल्दने विचारलं.

“थांब जरा,” इंगेबोर्ग म्हणाली. “त्यांच्या वाटणीचंही बसते.”