न उडणारा फ्यूज

बाबांना कशाचा अभिमान असेल तर तो पॅसेजमधल्या जुन्या लाकडी फ्यूजबोर्डाचा. गीझर बसवायला वायरमन आला, तेव्हा त्यालाही त्यांनी दारातच बजावलं, “बाकी काय हवं ते कर, बोर्डाला हात लावू नकोस. गेल्या कित्येक वर्षांत एकदाही फ्यूज उडालेला नाही.”

“एकदाही नाही?” वायरमनच्या कपाळाला आठी पडली.

त्याने मेन स्विच बंद केला आणि चिनी मातीचा पहिला पांढरा फ्यूज ओढून काढला. जिथे लोड वाढला की वितळणारी बारीक तार हवी, तिथे दोन स्क्रूंच्या मध्ये बायका केसांत खोचतात तो आकडा पिळून बसवला होता. दुसऱ्या फ्यूजमध्येही तेच.

“काका, उडायला फ्यूज आहेच कुठे?”

त्याने बोर्ड भिंतीपासून सोडवला. मागच्या लाकडाचा कोळसा झाला होता. वायरींचं आवरण वितळून भिंतीवर ओघळलं होतं. त्याच भिंतीला टेकून, पलीकडच्या खोलीत माझी लेक झोपली होती. मी धावत जाऊन तिला उचलून आणलं.

बाबा भडकले. “कुठल्या गाढवाने केलं हे? त्या मागच्या वायरमनला सोडणार नाही मी!”

“त्याला कशाला बोलता? आकडे माझे आहेत,” आई म्हणाली.

बाबा तिच्याकडे वळले.

“तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा फ्यूज सारखा उडायचा. टाके ओले, तरी तुम्ही स्टुलावर चढायचात. एकदा पडलातही. म्हटलं, न उडणारं काहीतरी घालावं. तुमचं बघून बघून शिकले होते.” बोलता बोलता तिची नजर त्या काळ्या लाकडावर गेली आणि ती मटकन खाली बसली. “मला वाटलं, तुम्हाला जपतेय मी.”

नवा बोर्ड उद्या बसवतो, तोवर मेन स्विचला हात लावू नका, असं सांगून वायरमन गेला. बाबा आईशेजारी फरशीवरच बसले.

“मला एका शब्दाने सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत?”

“चढलो असतो,” बाबा म्हणाले.

आईने नातीला घ्यायला हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. मीच लेकीला तिच्या मांडीवर ठेवलं. मग दोघींना धरून मीही तिथेच बसून राहिले.