शरणम्माच्या रेकॉर्डी

रेकॉर्डींची पेटी शरणम्मानं औशाहून एसटीत पायाशी धरून आणली. कंडक्टर म्हणाला, "आजी, मागं सरकवा." तर तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की पुढं तिकीट द्यायलाही तो लांबूनच हात पुढं करत आला.

पोराचा फोनच तसा होता. "अव्वा, रविवारी संध्याकाळी गच्चीवर मित्रांना बोलवतोय. अप्पांच्या रेकॉर्डी ऐकायच्या." बाप गेल्यापासून रविकिरणच्या तोंडून अप्पांचं नाव निघालं ते हे पहिल्यांदा. लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारं पोरगं. त्याचे मित्र डॉक्टर, वकील. ते विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते तिनं वाटेतच जुळवून ठेवलं.

सांगण्यासारखं होतंच. नवऱ्यानं, गुरुपादप्पानं, लग्नात भोंगे लावायचा धंदा काढला, आणि धंद्याला ना देवाचं नाव दिलं ना बापाचं. बायकोचं दिलं. शरणम्मा लाउडस्पीकर, औसा. एका गावात दोन लग्नं निघाली की रेकॉर्डींची अदलाबदल व्हायची, म्हणून प्रत्येकीच्या मधल्या कागदावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव घालायचं. ते घालायची ती. दुसरीतच शाळा सुटलेली. नवऱ्यानं पाटीवर नाव काढून दिलं आणि तिनं चुलीपुढं बसून ते रेकॉर्डीवर गिरवलं. सुरुवातीला ण वाकडा व्हायचा. मग असा बसला, की गुरुपादप्पा येईल त्याला दाखवायचा. साऱ्या जन्मात तिनं लिहिलं ते एवढंच.

रविवारी जेवून ती आडवी झाली, ती थिनरच्या वासानं उठली. बाहेरच्या खोलीत रविकिरण पेपर पसरून बसला होता. हातात कापसाचा बोळा. पुसलेल्या रेकॉर्डींची चळत एकीकडं.

"काय करायलास रे?"

"साफ करतोय, अव्वा. वरचा रंग निघाला की मूळ छपाई दिसते. जाणकार लोक येणार आहेत."

"रंग न्हाई तो. माझं नाव हाय."

त्यानं पुढची रेकॉर्ड पुढ्यात ओढली. तेवढ्यात फोन वाजला. हात ओले, म्हणून त्यानं स्पीकर लावला. पलीकडं त्याचा डॉक्टर मित्र अमरेश होता. "रवी सर, खुर्च्या पाठवून देऊ का? आणि काका करत काय होते हो? एवढा संग्रह म्हणजे गंमत नाही."

रविकिरणनं आईकडं पाठ केली. "अप्पांना शौक होता. निवडून निवडून जमवल्या. एकटेच ऐकत बसायचे."

एकटेच! लिंबाच्या शेंड्यावर चढून भोंगे बांधणारा माणूस. चार गावं जागी ठेवणारा माणूस.

फोन बंद होईस्तोवर शरणम्मा थांबली. "भोंगेवाल्याचं पोरगं म्हणवून घ्यायला लाज वाटती व्हय? पोटात अन्न गेलं ते त्याच भोंग्याचं."

"हळू बोल. तुला कळत नाही, ही माणसं वेगळी आहेत."

सून मंजुषा आतून आली. "आत्याबाई, तुम्ही संध्याकाळी खालीच बसा की. जिना चढून गुडघे दुखतील. टीव्ही लावून देते."

"गुडघे माझे हायत, बाई. त्यांचं ते मला सांगतील." ती पोराकडं वळली. "मी वर येणार. पुढच्या खुर्चीत बसणार. कुणी विचारलं, तर रेकॉर्डी कुणाच्या ते सांगणार."

"मग सगळ्यांना नको म्हणून कळवतो," रविकिरण म्हणाला. आवाज चढवला नाही. क्लासमधल्या पोराला बाहेर काढावं तसं म्हणाला आणि खरंच फोन उचलला.

भांडला असता तर शरणम्मा जिंकली असती.

ती पुढं भांडेना, तसा त्यानं फोन खाली ठेवला; त्याला थोडं वाईट वाटलं असावं. न पुसलेली शेवटची रेकॉर्ड त्यानं तिच्यापुढं धरली. "ही राहू दे तुला. आठवण म्हणून."

तिनं ती घेतली. खाली बसली. बोळा थिनरात बुडवला आणि घासायला लागली.

"अगं अव्वा, राहू दे म्हटलं ना!"

"भीक घालतोस का मला? मी घातलंय, मीच काढीन."

रंग गेला, छपाई गेली, खालचा कागद भुगा होऊन निघाला तरी ती घासतच होती. मग तिनं ती रेकॉर्ड त्याच्या चळतीवर ठेवली.

"घे. आता कुणाची बी म्हणून सांग." आणि सुनेला म्हणाली, "माझी पिशवी दे गं. औशाला गाड्या हायत अजून."

"उद्या जा ना, अव्वा," रविकिरण म्हणाला. तिनं पिशवी खांद्याला अडकवली. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत तो बसून राहिला, मग उठून खुर्च्या गच्चीवर न्यायला लागला.