सोनाझुरीची तेलपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी तेलपट्टी आहे. हातभर लांब, पोलादाची, टोकाशी दोन खाचा. ढाक्याहून चांदपूरला जाणाऱ्या ‘सोनाझुरी’ लाँचच्या इंजिनात माझा जन्म गेला. मला तेलात बुडवलं की तेल वरच्या खाचेच्या खाली आणि खालच्या खाचेच्या वर असावं, एवढंच मी सांगते.

इंजिनाचं तेलपाणी पाहणारे मोखलेसचाचा रोज सकाळी मला बाहेर काढत, फडक्याने पुसत, पुन्हा बुडवत. “बोल बाई, काय म्हणतंय पोट?” असं विचारत. मला फार बरं वाटे.

मग इंजिन चालवायला रियाजुल नावाचे नवे ड्रायव्हर आले. त्यांचा विश्वास इंजिनखोलीच्या भिंतीवरच्या दाब-तापमानाच्या काट्यांवर. मला तर त्यांनी एकदा रंगाचा डबा उघडायला वापरलं. तेव्हापासून माझी कंबर जरा वाकडीच आहे.

ईदच्या आदल्या सकाळी ढाक्याच्या सदरघाटावर लाँच खचाखच भरली होती. घाटाला येतानाच तेलाच्या दाबाचा काटा किंचित खाली होता. “इंजिन जुनं झालंय, दुसरं काय!” रियाजुल म्हणाले. चाचांनी मला बाहेर काढलं. तेल वरच्या खाचेच्याही बोटभर वर होतं.

“तेल वाढलंय, मग चांगलंच की!” रियाजुल हसले.

“वाढायला ते काय उतू जाणारं दूध आहे? तू ओतलंस? मी ओतलं? मग आलं कुठून?”

माझ्या टोकावरचं तेल त्यांनी चिमटीत चोळलं. पाण्यासारखं पातळ. हुंगलं, तर डिझेलचा वास. टीपकागदावर त्यांनी एक थेंब नव्या तेलाचा टाकला, एक माझ्यावरचा. नवा थेंब जागच्या जागी बसला. माझा मात्र फिकट कडा घेऊन पसरतच गेला.

वरून लाँचचे कप्तान, सारेंग कोरबानअली, ओरडले, “चाचा, लोक माझ्या अंगावर येतायत! सुरू करा!”

“आधी मला घाटावर उतरवा, सारेंगसाहेब. मग खुशाल सुरू करा.”

सारेंग खाली उतरले आणि चाचांनी पुढे केलेला कागद त्यांनी पाहिला. मग त्यांनी प्रवाशांना दुसऱ्या लाँचवर जायला सांगितलं. काय शिव्या पडल्या चाचांना! कडेवर लेकरू घेतलेली एक बाई म्हणाली, “माझी आई वाट बघतेय तिकडे. तुझ्या घरी कुणी नाही का रे म्हाताऱ्या?” चाचा मान खाली घालून मला पुसत राहिले.

दुपारी इंजिन उघडलं. इंधनपंपाचं सील झिजून डिझेल थेंबाथेंबाने तेलात उतरत होतं. पातळ झालेल्या तेलामुळे बेअरिंगवर ओरखडे उठले होते, गाळणीत धातूचा चुरा चमकत होता. आणखी दोन तास चाललं असतं, तर भर मेघना नदीत इंजिन अडकलं असतं, कदाचित पेटलंही असतं. रियाजुल हळूच म्हणाले, “चाचा, तो वास कसा ओळखायचा, मला शिकवा.”

मित्रांनो, यंत्र आजारी पडलं की आधी हळू आवाजातच सांगतं. ते ऐकायला रोज थोडा वेळ काढा. आणि असं ऐकणाऱ्या माणसामुळे कधी उशीर झाला, तर त्याला लगेच बोल लावू नका. ती बाई त्या संध्याकाळी आईकडे सुखरूप पोहोचली. चाचांना ती अजूनही शिव्या देत असेल.