मुक्ताबाईच्या खोलीतला टीव्ही

सत्त्याहत्तर साली दौंडच्या भिमाजीनं नवा टीव्ही आणला आणि तो निजायच्या खोलीत मांडला, कारण बायको मुक्ताबाईचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. पण पडद्यावर नुसत्या मुंग्याच दिसत होत्या. भिमाजी पत्र्यावर चढून अँटेना हलवू लागला.

“आता?” त्यानं वरून विचारलं.

“मुंग्याच हायत!”

मुक्ताबाईनं खिडकीतून समोरच्या मास्तरांच्या घरावर नजर टाकली. “अवो, मास्तरांच्या अँटेनाचं तोंड पुण्याकडं हाय. आपलं कुठं हाय?”

“सोलापूरकडं!”

“मग फिरवा की!”

त्यानं अँटेना पुण्याकडं वळवला आणि ओरडला, “दिसलं का?” उत्तर येईना. घाबरून तो खाली धावला. पडद्यावर एक बाई झोकात गात होती.

मुक्ताबाई म्हणाली, “जरा बाजूला व्हा, बाई दिसंना.”